एका पौंडाची दुरुस्ती

नव्या शोधांचा इतिहास लिहावयास लेखक पुष्कळ मिळतात. दुरुस्तीचा इतिहास लिहिणारा क्वचितच आढळतो. याचें कारण उघड आहे. शोधाला एक जनक असतो, एक मुहूर्त असतो, आणि पुढेंमागें त्या जनकाचा पुतळाहि उभा राहतो. दुरुस्ती मात्र हिशेबनिसाच्या मेजावर जन्मास येते. तिचा बाप कोण हें सांगणें कठीण, आणि आई बहुधा काटकसर. जुन्या लुगड्याची गोधडी होते, आजोबांचा कोट उसवून नातवाला बेतला जातो, तेव्हां त्या घराची जी खरी स्थिति दिसते ती नव्या लुगड्याच्या खरेदींत दिसत नाहीं. राष्ट्रांचेंहि तसेंच आहे. जुन्या हत्याराची डागडुजी एखादें राष्ट्र कशी करतें, कोणता भाग ठेवतें, कोणता टाकतें, आणि दुरुस्त केलेली वस्तु अखेर कोणाच्या हातीं देतें, हें पाहिलें म्हणजे त्याच्या जाहीरनाम्यांतून न कळणाऱ्या पुष्कळ गोष्टी कळूं लागतात.

प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक दुरुस्त केलेली बंदूक आहे. तिचें मूळ नांव एन्फील्ड, नमुना इ. स. १८५३ चा. लंडनजवळ एन्फील्ड येथें इंग्रज सरकारचा बंदुकांचा कारखाना होता, त्यावरून हें नांव पडलें. नळी ३९ इंच लांब, भोंक इंचाच्या ५७७ सहस्रांशांचें, आणि आंत तीन पेचदार खांचा. या खांचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते व साध्या नळीच्या बंदुकीपेक्षां पुष्कळ लांबवर नेमकी लागते. बंदूक मात्र ठासणीची. शिपायानें कागदी काडतूस दांतानें फाडावें, दारू नळीच्या तोंडांत ओतावी, वर गोळी घालावी, गजानें ठासावी, मग घोड्याखालच्या बोंडीवर टोपी बसवावी आणि चाप ओढावा. चांगला कवायती शिपाई हें सर्व करून मिनिटाला तीन बार काढी. आणि तें सर्व उभ्यानेंच करावें लागे, कारण आडवें पडून ३९ इंचांच्या नळींत गज घालणें जवळजवळ अशक्यच. (ती बंदूक आतां गेली, ‘ठासून सांगणें’ मात्र आपल्या भाषेंत राहिलें आहे.) काडतूस दांतानें फाडण्याचें हें प्रकरण १८५७ सालीं आपल्या देशांत कोणत्या थराला गेलें तें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बराकपूर येथील २९ मार्चची घटना, मीरतच्या ८५ स्वारांनीं २४ एप्रिलला काडतुसें घेण्याचें नाकारणें, आणि १० मेचा उठाव, हा क्रम शाळेंतल्या मुलांनाहि पाठ असतो. येथें ध्यानांत ठेवावयाचें तें इतकेंच कीं, ज्या बंदुकीनें त्या वणव्याला ठिणगी पुरविली तीच पुढें दोन वेळां दुरुस्त झाली: एकदां हिंदुस्थानासाठीं आणि एकदां इंग्लंडासाठीं. या दोन दुरुस्त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या, एवढाच माझा हेतु आहे.

यांपैकीं इंग्लंडांतील दुरुस्ती कालानुक्रमानें दुसरी. परंतु ती समजल्यावांचून पहिलीचा अर्थ लागत नाहीं, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतों.

१८६४ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं मिळून डेन्मार्कशीं युद्ध केलें. प्रशियाच्या पायदळाजवळ ड्रायसे नांवाच्या कारागिराची सुईची बंदूक होती. ती मागून भरावयाची, आणि प्रशियानें ती १८४१ सालींच स्वीकारली होती. तिच्या मागल्या सांध्यांतून धूर व ज्वाळा निसटत, सुया मोडत, आणि तिचा पल्लाहि एन्फील्डपेक्षां कमी. त्यामुळें इतर राष्ट्रांच्या सेनापतींनीं तिला वीस वर्षें नाकें मुरडलीं होतीं. ३ जुलै १८६४ रोजीं लुंडबी येथील एका लहानशा चकमकींत डेन्मार्कचे शिपाई संगिनी रोखून सरळ चालून गेले, आणि पोंचण्यापूर्वींच त्यांतील बहुतेक जमिनीवर पडले. पुढें बरोबर दोन वर्षांनीं, ३ जुलै १८६६ रोजीं, कोनिगग्रेट्झच्या रणांगणावर ऑस्ट्रियालाहि तोच अनुभव फार मोठ्या प्रमाणावर आला. परंतु इंग्रजांना शहाणपण सुचावयास तेवढा वेळ लागला नाहीं, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. डेन्मार्कचें युद्ध चालू असतांनाच त्यांच्या एका लष्करी समितीनें सर्व पायदळाला मागून भरण्याची बंदूक द्यावी अशी शिफारस केली.

शिफारस सोपी, पैसा कोठून आणावयाचा? एन्फील्ड बंदुका लाखोंनीं तयार होऊन पडल्या होत्या. त्या मोडींत काढून सर्वस्वीं नवी बंदूक करावयाची म्हणजे पार्लमेंटापुढें मोठी रक्कम मागावी लागणार; शिवाय उत्तम नवी बंदूक कोणती याबद्दल तज्ज्ञांचें एकमत होण्यास कांहीं वर्षें जाणार. तेव्हां युद्धखात्यानें मधला मार्ग काढला. १८६४ च्या ऑगस्टमध्यें बंदूक करणाऱ्यांना जाहीर आवाहन करण्यांत आलें: एन्फील्डला मागून भरण्याची सोय करून दाखवा. अटी मुख्यतः दोन. दर बंदुकीमागें खर्च एका पौंडापेक्षां अधिक होतां कामा नये. आणि दुरुस्त बंदुकीची नेमबाजी मूळ बंदुकीहून उणी पडतां कामा नये. पहिली अट कारकुनाची, दुसरी शिपायाची. आणि त्या दोन्ही एकाच कागदावर आल्या हेंच मला त्या जाहिरातींतलें विशेष वाटतें. स्वस्त करा म्हणणारे पुष्कळ असतात, चांगलें करा म्हणणारेहि असतात. दोघांना एकत्र बसवून आंकडा लिहावयास लावणारा क्वचितच भेटतो.

सुमारें पन्नास नमुने आले. या पन्नासांत निवड करणाऱ्यांपुढें जो प्रश्न होता तो जुनें घर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे: जुन्यापैकीं किती राखावयाचें? बहुतेक अर्जदारांनीं आपल्या समजुतीप्रमाणें कमींत कमी बदल सुचविला. बंदुकीची पाठ उघडावयाची एवढेंच. काडतूस कागदाचें किंवा कातड्याचें, आणि टोपी पूर्वींप्रमाणेंच हातानें वेगळी बसवावयाची. यांत सरकारी कोठारांतल्या टोप्या व काडतुसें वांचत होतीं, आणि हा युक्तिवाद काटकसरी मनाला पटण्यासारखाहि होता. जेकब स्नायडर नांवाच्या अमेरिकनाची सूचना निराळी होती. हा गृहस्थ फिलाडेल्फियाचा, मूळ धंदा मद्याच्या व्यापाराचा. त्यानें बंदूक जवळजवळ सगळीच राखली, आणि काडतूस मात्र सर्वस्वीं बदललें.

त्याची कृति अशी. नळीचा मागला अडीच इंचांचा तुकडा कापून टाकावयाचा, आणि त्या जागीं लोखंडाचें एक खोकें स्क्रूनें बसवावयाचें. खोक्यांत एक भरीव ठोकळा. तो उजव्या अंगाला बिजागरीवर पेटीच्या झांकणासारखा उघडतो. ठोकळ्यांतून एक खिळा तिरका गेलेला. ठोकळा उघडा, काडतूस अंगठ्यानें आंत सरकवा, ठोकळा मिटा, घोडा चढवा, चाप ओढा. घोडा तोच, चापाचें यंत्र तेंच, दस्ता तोच, संगीन तीच. पूर्वीं घोडा टोपीवर पडे, आतां तो खिळ्याच्या डोक्यावर पडूं लागला, आणि खिळ्याचें टोंक काडतुसाच्या बुडांतील टोपीवर आदळूं लागलें. बार झाल्यावर ठोकळा उघडून मागें ओढला कीं रिकामें काडतूस थोडें बाहेर येई. मग बंदूक उलटी करून तें खालीं पाडावयाचें. ही शेवटची क्रिया जरा गांवठी वाटते खरी, पण शिपाई तींत थोड्याच दिवसांत तरबेज होत. मिनिटाला तीनाऐवजीं दहा बार निघूं लागले, आणि तेहि आडवें पडून, झाडाच्या बुंध्याआड बसून, कसेहि.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यावांचून हें सारें शक्यच झालें नसतें. शंभरांपैकीं नव्वद लेखक ती गाळतात. १८५० च्या सुमारापर्यंत इंग्लंडांत बंदूक हातानें घडे, आणि एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसेल याची खात्री नसे. कानशीनें घासून घासून प्रत्येक भाग आपल्या शेजाऱ्याशीं जुळवून घ्यावा लागे. अमेरिकेंत मात्र सरकारी शस्त्रशाळांत यंत्रांवर एकसारखे भाग निघत होते. इंग्रजांनीं १८५४ सालीं तेथें माणसें पाठविलीं, यंत्रें विकत घेतलीं, हार्पर्स फेरीच्या शस्त्रशाळेंत काम केलेला जेम्स बर्टन नांवाचा यंत्रज्ञ नेमला, आणि १८५७ च्या सुमारास एन्फील्डच्या कारखान्यांतून एकमेकींना भाग बसणाऱ्या बंदुका बाहेर पडूं लागल्या. स्नायडरचें खोकें हजारों बंदुकांना एका पौंडाच्या आंत बसलें तें यामुळें. आधींच्या पिढींतील बंदुकांवर हाच प्रयोग केला असता तर प्रत्येक खोकें घासण्यांतच तो पौंड खर्ची पडला असता. काटकसरीची दुरुस्ती करावयाची असेल तर मूळ वस्तु सुबत्तेच्या काळांत चांगली घडविलेली असावी लागते.

तथापि स्नायडरच्या पहिल्या बंदुका शिपायाच्या अटीला उतरल्या नाहींत. बार भराभर होत, पण नेम नीट लागेना. त्यांचें काडतूस पुठ्ठ्याचें होतें; तें दारूच्या जोराला नीट पुरत नव्हतें. तेव्हां वुलविचच्या सरकारी प्रयोगशाळेचे अधिकारी कर्नल एडवर्ड बॉक्सर यांच्यावर काम सोंपविण्यांत आलें. बॉक्सर यांनीं पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून काडतुसाची नळी केली, तिला लोखंडी बुड बसविलें, आणि बुडाच्या मध्यभागीं टोपी ठेवली. बार होतांक्षणीं पितळेची गुंडाळी उकलून नळीच्या भिंतींना चिकटे आणि मागून ज्वाळा निसटण्यास वाव राहत नसे; ज्या दोषाचा प्रशियाच्या शिपायाला वीस वर्षें त्रास झाला तो अशा रीतीनें दूर झाला. गोळींतहि त्यांनीं पुष्कळ डोकें चालविलें. शिशाची गोळी ४८० ग्रेन वजनाची. ती पुढून पोकळ करून पोकळींत लांकडाची गुळी, आणि मागें भाजलेल्या मातीची. मातीची गुळी बाराबरोबर पुढें रेटली जाऊन शिशाचा घेर फांकवी व तो खांचांत घट्ट बसे. परिणाम असा झाला कीं, जुनीच नळी पूर्वींपेक्षां चांगला नेम मारूं लागली. सर्व वाद पाठीच्या ठोकळ्यावर झाला होता. बाजी मारली काडतुसानें. बॉक्सर यांची टोपीची रचना अद्यापहि जगांत चालू आहे. त्यांत एक गंमत अशी कीं, अमेरिकेनें पुढें या इंग्रज अधिकाऱ्याची टोपी उचलली, आणि इंग्लंडच्या लष्करानें कालांतरानें बर्डन या अमेरिकनाची.

१८६६ च्या सप्टेंबरांत ही बंदूक स्नायडर-एन्फील्ड या नांवानें रीतसर मंजूर झाली. पुढच्याच महिन्यांत, २५ ऑक्टोबरला, जेकब स्नायडर इंग्लंडांत वारला. कर्जबाजारी, आणि सरकारकडून आपल्या कल्पनेचें मोल काय मिळणार याची वाट पाहत. एका पौंडाच्या हिशेबांत त्याचा वांटा कोणत्या सदराखालीं घालावा हें ठरावयाचें राहून गेलें होतें.

हा रोग त्या दोन-चार वर्षांत सर्व युरोपभर पसरला, आणि प्रत्येक राष्ट्रानें आपल्या स्वभावाप्रमाणें औषध घेतलें. फ्रान्सनें शासपो ही सर्वस्वीं नवी बंदूक काढली, आणि जुन्या बंदुकांना बिजागरीचें झांकण बसविलें. त्या झांकणावरून लोक तिला तपकिरीची डबी म्हणूं लागले, आणि १८७० च्या युद्धांत ती बहुतेक दुय्यम फौजेच्या वांट्याला आली. ऑस्ट्रियानें पराभवानंतर १८६७ सालीं वेन्ट्झ्लची पद्धति घेतली. हीं उदाहरणें मी नुसतीं नांवानेंच सांगतों. अमेरिका व रशिया यांच्याजवळ मात्र थोडें थांबलें पाहिजे.

अमेरिकेंत यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें तेव्हां ठासणीच्या बंदुकांचा डोंगर शिल्लक राहिला. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेचा मुख्य कारागीर अर्स्किन अ‍ॅलिन यानें नळीच्या पाठीला वर उघडणारें झांकण बसविलें. पहिला नमुना फार किचकट झाला आणि त्याचें काडतूसहि दुबळें ठरलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें जुन्या रुंद नळीच्या आंत लहान भोंकाची दुसरी नळी बसवून ती डाखून टाकली. राखावयाचें म्हणून राखण्याचा हट्ट तो केवढा! पण या बंदुकीनें एक दिवस गाजविला. २१ डिसेंबर १८६६ रोजीं सध्यांच्या वायोमिंगमध्यें फेटरमन याच्या तुकडींतील ८१ माणसें लाकोटा व त्यांच्या मित्रजमातींच्या हातून मारलीं गेलीं. पायदळाजवळ ठासणीच्या बंदुका होत्या. आठ महिने लोटले नाहींत तों, २ ऑगस्ट १८६७ रोजीं, त्याच ठाण्याजवळ गाड्यांच्या खोक्यांच्या आडोशाला बसलेल्या सुमारें बत्तीस जणांवर रेड क्लाउडचे शेंकडों योद्धे चालून आले. एक फैर झडली कीं पुन्हा भरीपर्यंत मध्यें फुरसत मिळते, हा त्यांचा आजवरचा अनुभव. ती फुरसत त्या दिवशीं आलीच नाहीं. आपली भूमि राखण्यासाठीं लढणाऱ्या त्या शूर माणसांना, शस्त्रशाळेच्या यादींत ‘दुरुस्ती’ या सदराखालीं काय घडलें आहे हें कळावयास दुसरा मार्ग नव्हता. पुढें १८७३ च्या नमुन्यांत अमेरिकेनें नळीहि नवी केली. झांकणाची पद्धत तेवढी राहिली. जुन्या वाड्याची एकेक भिंत बदलीत जावें आणि अखेर नांव मात्र पूर्वजांचें राहावें, तसें तें झालें.

रशियानें आधीं कार्ले याची सुईची पद्धति घेतली, ती टाकून १८६९ सालीं बोहेमियाच्या क्रन्का या कारागिराची घेतली, आणि तिकडे नवी बर्डन बंदूकहि मागविली. १८७७ सालीं तुर्कांशीं युद्ध जुंपलें तेव्हां रशियाचें बहुतेक पायदळ दुरुस्त क्रन्काच घेऊन निघालें. समोर तुर्कांजवळ अमेरिकेंत घडविलेल्या पीबडी-मार्टिनी. प्लेवना येथें रशियन पलटणी दीड-दोन हजार पावलांपासूनच माणसें गमावूं लागल्या, आणि उलट उत्तर देतां येईना. क्रन्काची नळी कांहीं तितकी वाईट नव्हती. तिच्यावरची नेमपट्टी साध्या शिपायासाठीं अवघ्या ६०० पावलांपर्यंतच आंखलेली होती! हुद्देदारांच्या बंदुकीवर ती १२०० पर्यंत असे. शिपायानें त्यापलीकडे पाहावयाचें कारण काय, असा तो विचार. नळी दूर मारूं शकते, शिपाई नेम धरूं शकतो; पण मधल्या पट्टीवर कोणींतरी त्याची मर्यादा आंखून ठेवली आहे. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें, कारण आतां मी हिंदुस्थानांतील दुरुस्तीकडे वळतों.

१८५७-५८ चा उठाव मोडल्यावर हिंदी फौजेची फेररचना कशी करावी याचा विचार करण्यासाठीं युद्धमंत्री पील यांच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग बसला. १८५९ सालच्या त्याच्या शिफारशी प्रसिद्ध आहेत: बंगालमध्यें एका गोऱ्याला दोन, आणि मुंबई व मद्रास इलाख्यांत एकाला तीन, याहून अधिक देशी शिपाई असूं नयेत, तोफखाना सामान्यतः गोऱ्यांच्याच हातीं असावा. हीं वाक्यें प्रत्येक इतिहासाच्या पुस्तकांत सांपडतात. त्याच वेळीं बंदुकीचें काय झालें तें सहसा सांपडत नाहीं. देशी पलटणींना पेचदार एन्फील्ड द्यावयाची नाहीं असें ठरलें. पण द्यावयाचें काय? कारखाने एन्फील्ड काढीत होते, भाग एन्फील्डचे होते, संगिनी एन्फील्डच्या होत्या. तेव्हां एन्फील्डच घेऊन तिची नळी आंतून कोरण्यांत आली. ५७७ सहस्रांशांचें भोंक ६५६ सहस्रांशांचें झालें, आणि तीन खांचा कायमच्या गेल्या. मागची चढउतार करणारी नेमपट्टी काढून त्या जागीं एक ठाम खांच बसविली. हा १८५८ चा हिंदी नमुना. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळूं नये अशी ती बंदूक. आंतून मात्र पन्नास वर्षें मागें गेलेली.

ज्या हत्याराला अधिक चांगलें करण्यासाठीं पुढें एक पौंड मोजावयाचा होता, त्याच हत्याराला वाईट करण्यासाठीं येथें मुद्दाम यंत्र चालविलें आणि मजुरी दिली. दुरुस्ती या शब्दाचा इतका विपरीत उपयोग मला दुसरीकडे आढळला नाहीं. आणि ही उलटी दुरुस्ती धडपणें साधलीहि नाहीं. मूळ नळीची जाडी पेचदार भोंकाच्या मापानें बेतलेली. ती कोरल्यावर भिंती इतक्या पातळ झाल्या कीं संगीन लावून वापरतांना नळी वांकूं लागली, ठेंच लागली तरी पोंचे पडूं लागले. म्हणून पुढच्याच वर्षीं, १८५९ सालीं, मुद्दाम जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला: साधें भोंक, साधी नेमखांच, आणि वर नवा खर्च. अविश्वास ही महागडी चैन आहे, आणि तिचें बिल ज्याच्यावर विश्वास नाहीं त्याच्याच जमाबंदींतून भरलें जातें.

राज्यकर्त्यांच्या बाजूनेंहि एक शब्द बोललें पाहिजे. नुकतेंच ज्यांच्याशीं प्राणांतिक युद्ध झालें त्यांच्या हातीं आपल्या तोडीचें शस्त्र देणारा राजा इतिहासांत विरळाच, आणि आपल्याकडील कोणत्याहि सत्तेनें तसा मोठेपणा दाखविल्याचें मला स्मरत नाहीं. पण त्याच शिपायाला शत्रूपुढेंहि उभें करावयाचें होतें. विश्वास नाहीं, आणि गरज तर आहे. या पेंचांतून सांपडलेली वाट म्हणजे ती कोरलेली नळी.

हा पेंच पहिल्यानें उघडा पडला तो हबसाणांत. सम्राट थिओडोर यानें इंग्रज वकिलाला व इतर युरोपियनांना कैदेंत ठेवलें म्हणून १८६७ सालीं मोहीम ठरली, आणि ती निघाली आपल्या मुंबईहून; मुंबईच्या फौजेचे सरसेनापति रॉबर्ट नेपिअर तिचे नायक. सुमारें तेरा हजार सैनिक, त्याहून किती तरी अधिक बाजारबुणगे व हमाल, आणि जहाजांवर चढविलेले ४४ हत्ती असा तो सरंजाम होता. खर्च अखेर नव्वद लाख पौंडांच्या घरांत गेला. एका पौंडाचा हिशेब करणाऱ्या सरकारला तो कसा परवडला हा प्रश्न त्या वेळीं पार्लमेंटांतहि निघाला. १० एप्रिल १८६८ रोजीं मगदल्याच्या पायथ्याशीं अरोगीच्या मैदानांत लढाई झाली. चौथ्या ‘किंग्ज ओन’ या गोऱ्या पलटणीजवळ स्नायडर होत्या. युद्धांतला त्यांचा हा पहिलाच मोठा प्रयोग. थिओडोरचे सुमारें सातशें लोक ठार झाले, बाराशें जखमी झाले. नेपिअरकडील जखमी अवघे वीस, त्यांतले दोघे पुढें मेले. त्याच मैदानाच्या दुसऱ्या अंगाला सामानाचा तांडा राखणारी पंजाबी पायोनियरांची पलटण होती. तिच्या हातीं साध्या नळीच्या ठासणीच्या बंदुका. शत्रु अंगाला भिडला तेव्हां तिला संगिनींनींच निभावून न्यावें लागलें, आणि तिनें तें उत्तम निभावलें. एकाच सेनापतीचे, एकाच दिवशीं, एकाच मैदानावर लढणारे दोन शिपाई. एक १८६६ सालांत उभा, दुसरा जवळजवळ वॉटर्लूच्या काळांत.

मग हिंदी पलटणींना स्नायडर मिळालीच नाहीं काय? मिळाली, गोऱ्यांनीं ती खालीं ठेवली तेव्हां. १८७१ सालीं इंग्लंडनें मार्टिनी-हेन्री ही नवी बंदूक मंजूर केली, आणि त्या दशकांत मोकळ्या झालेल्या स्नायडर हिंदी फौजेकडे आल्या. पुढें गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळूं लागली तशी हिंद्यांना मार्टिनी. एक पायरी खालीं ही रीत तेथून जी पडली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालली. बॉक्सरचें पितळी काडतूस शिपायाला दांतानें फाडावें लागत नव्हतें. चरबीचा प्रश्नच त्यांत उद्भवत नव्हता. तें १८५७ पूर्वीं निघालें असतें तर काय झालें असतें, असा प्रश्न कित्येकांच्या मनांत येईल. माझ्या मतें फार थोडें झालें असतें. असंतोषाला निमित्ताची उणीव कधीं पडत नाहीं.

या काडतुसाची एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ठासणीची बंदूक ही एका अर्थानें स्वावलंबी वस्तु होती. गांवच्या लोहारानें घोडा नीट करावा, शिसें वितळवून गोळ्या ओताव्या, सोरा, गंधक व कोळसा यांची दारू कुटावी, म्हणजे ती चाले. आमच्या मराठी मुलुखांतील गढ्यागढ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या हेंच चाललें होतें. स्नायडर तशी नव्हती. तिचें काडतूस पत्र्याच्या गुंडाळीचें, मापाचें, यंत्रावर होणारें. तें सरकारी कारखान्यावांचून मिळावयाचें नाहीं. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला तो याच युगांत. आतां कोणीं पलटणींतून बंदूक पळविली तरी कमरेच्या पेटींतलीं काडतुसें संपेपर्यंतच ती बंदूक. नंतर नुसता सोटा. १८७८ सालीं लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला, आणि त्यानें हिंदी माणसाला परवान्यावांचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली, युरोपियनांस सूट दिली. त्या कायद्याविरुद्ध आपल्याकडे पुष्कळ भाषणें झालीं, आणि तीं योग्यच होतीं. पण निःशस्त्रीकरणाचें निम्मे काम त्यापूर्वीं बारा वर्षें वुलविचच्या प्रयोगशाळेंत, कोणाच्या मनांत तसा हेतु नसतां, होऊन गेलें होतें. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांनीं पुण्याच्या आसपास जें बंड उभारलें त्याच्या अपयशाचीं कारणें पुष्कळ आहेत. त्यांत हें एक जमेस धरावें लागेल कीं, १८१८ पूर्वींच्या बंडखोराला जें गांवांत मिळे तें १८७९ च्या बंडखोराला कोठेंच मिळण्यासारखें राहिलें नव्हतें.

दुसऱ्याच वर्षीं, २७ जुलै १८८० रोजीं, कंदाहारजवळ मैवंद येथें ब्रिगेडियर जनरल बरोज यांच्या फौजेचा अयूबखानानें पुरा पराभव केला. या फौजेंतील पायदळाच्या तीन पलटणींपैकीं ६६ वी गोरी पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन उभी होती; मुंबईची पहिली ग्रेनेडियर आणि तिसावी, जिला जेकब रायफल्स म्हणत, या दोन्ही मुंबई फौजेंतल्या पलटणी स्नायडर घेऊन. सुमारें अडीच हजारांच्या त्या फौजेंतले साडेनऊशेंहून अधिक लोक मारले गेले. स्नायडरमुळें लढाई गेली असें मी म्हणत नाहीं. शत्रूचा तोफखाना भारी होता, जागा वाईट होती, ऊन व तहान यांनीं माणसें बेजार झालीं होतीं, आणि जेकब रायफल्समध्यें नवशिक्यांचा भरणा बराच होता. पण लढाईनंतर दोष कोणाचा हें लिहावयाची वेळ आली तेव्हां हिंदी पलटणी आधीं मोडल्या हें ठळक अक्षरांत लिहिलें गेलें. त्यांच्या हातीं एक पिढी मागचें हत्यार होतें हें तितक्या ठळकपणें लिहिलेलें आढळत नाहीं.

स्नायडर पलटणींतून गेल्यावरहि मोडींत निघाली नाहीं. हिंदुस्थानांत तिच्यापैकीं पुष्कळ नळ्या आंतून घासून खांचा काढून टाकण्यांत आल्या, आणि त्या साध्या नळीच्या बंदुका पोलिसांना देण्यांत आल्या. १८५८ ची युक्ति पुन्हा तीच, या खेपेला दुरुस्त बंदुकीवर. पुढें विसाव्या शतकांत इशापूरच्या कारखान्यानें ली-एन्फील्ड रायफलींनाहि तोच संस्कार केला. इंचाच्या ३०३ सहस्रांशांची नळी ४१० सहस्रांशांची गुळगुळीत करावयाची, एका वेळीं एकच काडतूस बसेल अशी तजवीज करावयाची, आणि काडतूसहि लष्करी ३०३ चेंच, फक्त त्याची मान न आवळतां सरळ ठेवलेलें, म्हणजे तें लष्कराच्या बंदुकींत चालावयाचें नाहीं आणि लष्कराचें यांत चालावयाचें नाहीं. ही बंदूक इंग्रज गेल्यावरहि आपल्या पोलिसांच्या आणि पहारेकऱ्यांच्या खांद्यावर कित्येक वर्षें दिसत असे.